टेक्सोमावर उन्हाळ्यात स्ट्रायपर धरताना या चुका टाळा

डॅलसच्या उत्तरेला, टेक्सस आणि ओक्लाहोमाच्या सीमेवर टेक्सोमा तलाव आहे. १९४४ मध्ये डेनिसन धरण पूर्ण झालं आणि रेड व वाशिटा नद्यांचं पाणी इथे अडलं. अंगावर काळे पट्टे असलेला स्ट्रायपर मासा मुळात समुद्रातला, अंडी घालायला नदीत चढणारा. (आपल्या जिताड्याचं बरोबर उलट: तो अंडी घालायला खाडीकडे उतरतो.) स्ट्रायपरची अंडी फुटेपर्यंत वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. या दोन नद्या तेवढ्या लांब आहेत, म्हणून तो इथे आपला आपण वाढतो. बहुतेक तलावांत पिल्लं दरवर्षी सोडावी लागतात.

मे महिन्यात भरभरून मासे मिळालेली माणसं जुलैत हात हलवत परततात. त्याचं मुख्य कारण म्हणजे "ऊन वाढलं, मासा तळाला गेला" हा समज. तो अर्धाच खरा आहे. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात: वर गरम, खाली थंड, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थरातला ऑक्सिजन तळाशी कुजणाऱ्या गाळात संपत जातो. वर उष्मा, खाली गुदमर, अशा कात्रीत स्ट्रायपर मधल्या पट्ट्यात अडकतो. मोठ्या माशाला गारवा जास्त लागतो, त्यामुळे त्याची कोंडी सगळ्यात जास्त. फिश फाइंडरची (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) संवेदनशीलता वाढवली की थर बदलतो तिथे धूसर रेघ दिसते. तिच्याखाली सोडलेलं आमिष वाया गेलं समजा. मासे दिसतील त्याच्या हात-दीड हात वरच गळ थांबवा, कारण स्ट्रायपर वर बघून झडप घालतो. खाली लटकणाऱ्या आमिषाकडे तो सहसा वळत नाही.

पहाटे शॅडमागे (स्ट्रायपरचं खाद्य असलेला छोटा मासा) धावणारा स्ट्रायपरचा थवा पृष्ठभागावर उसळतो तेव्हा बोट थेट त्यात घालू नका. थवा बुडतो आणि आसपासच्या सगळ्यांची पहाट जाते. वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब थांबा, इंजिन बंद करा, बोट वाऱ्यावर वाहू द्या आणि थव्याच्या कडेला फेका.

जिवंत शॅड पाग टाकून धरलात तर तिची निगा राखा. चौकोनी बादलीच्या कोपऱ्यांत ती नाक आपटते. नाक लाल झालं की ती फार टिकत नाही. गोल टाकी, सतत हवा, थोडं मीठ आणि गर्दी कमी. नळाचं क्लोरीनवालं पाणी आणि त्याचा बर्फही टाळा.

सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ) असेल तर झटका देऊ नका. रॉड वाकू द्या, मग सावकाश गुंडाळा.

आता ज्या चुकीचं मला सर्वात वाईट वाटतं ती. मर्यादा भरल्यावरही "धरू आणि सोडू" म्हणत लोक गळ टाकत राहतात. वसंतात हे चालून जातं. उन्हाळ्यात गार पाण्यातून ओढून काढलेला, झुंजून दमलेला मासा वरच्या कढत पाण्यात सोडला की तो पोहत गेलेला दिसतो खरा, पण त्यातले बरेच नंतर मरतात. टेक्सोमावर माणशी रोज १० मासे नेता येतात, त्यांत २० इंच किंवा त्याहून मोठे फक्त २. किमान लांबीचं बंधन नाही, तेव्हा जो येईल तो बर्फात ठेवा. दोन मोठे मिळाले की ती जागा सोडा, लहान माशांचा थवा शोधा. दहा झाले की गळ गुंडाळा.

निघताना बोटीतलं आणि आमिषाच्या टाकीतलं पाणी धक्क्यावरच पूर्ण काढा. टेक्ससमध्ये तसा नियम आहे. २००९ मध्ये राज्यात झेब्रा शिंपला पहिल्यांदा सापडला तो याच तलावात, आणि त्याची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं साचलेल्या पाण्यातून पुढच्या तलावात पोचतात. उरलेली शॅड त्या पाण्यासकट दुसऱ्या तलावावर नेऊ नका.