बाउन्स मेल वाचताना या चुका टाळा

मेल पोचली नाही की परत येणाऱ्या नोटिशीचा, म्हणजे बाउन्सचा, साचा १९९६ साली ठरला आणि २००३ मध्ये आरएफसी ३४६४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) म्हणून सुधारून निघाला. तरी बाउन्स हाताळायला बसलेला प्रत्येक नवा भिडू आधी काय करतो? इंग्रजी मजकुरात शब्द शोधणारी स्क्रिप्ट लिहितो.

नोटिशीत तीन भाग असतात: माणसासाठी मजकूर, प्रोग्रामसाठी डिलिव्हरी-स्टेटस, आणि मूळ मेल किंवा नुसते तिचे हेडर (पाठवणारा, विषय वगैरे वरच्या ओळी). प्रोग्रामने पहिल्या भागाकडे बघायचंच नाही.

एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिसा मेलने गेल्या. त्यातल्या एका डोमेनचा सर्व्हर त्या दिवशी बंद होता. चार तासांनी पोस्टफिक्सचा, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हर-प्रोग्रामचा, इशारा आला: ‘युअर मेसेज कुड नॉट बी डिलिव्हर्ड फॉर मोअर दॅन ४ अवर्स’. वर मोठ्या अक्षरांत ‘धिस इज अ वॉर्निंग ओन्ली’ होतं, पण स्क्रिप्टला ‘कुड नॉट बी डिलिव्हर्ड’ एवढंच ठाऊक. तिने त्या डोमेनचे सगळे सभासद यादीतून उडवले. रात्री सर्व्हर उठला, मेल व्यवस्थित पोचल्या. पुढची नोटीस मात्र त्या सभासदांना गेलीच नाही, आणि भांडण थेट व्यवस्थापकांच्या टेबलावर आलं. दुसऱ्या भागात स्वच्छ लिहिलं होतं: ‘ॲक्शन: डिलेड’, ‘स्टेटस: ४.४.१’. ‘डिलेड’ म्हणजे सर्व्हर अजून प्रयत्न करतोय, आणि चारने सुरू होणारा कोड म्हणजे अडचण तात्पुरती आहे. पण दोन ओळी वाचण्याएवढा धीर कुणाला आहे!

स्टेटस कोड पाचने सुरू झाला की पत्ता उडवा, हा दुसरा आवडता शॉर्टकट. ५.१.१ असेल तर उडवा, तो पत्ताच नाही. ५.२.२ म्हणजे मेलबॉक्स भरलाय, मी थांबतो. ५.७.१ आला तर सभासदाला हात लावू नका, समोरच्याने धोरण म्हणून मेल नाकारलीय. आधी आपल्या सर्व्हरचं एसपीएफ आणि डीकेआयएम तपासा; मेल खरंच आपल्या डोमेनची आहे हे समोरच्याला त्यांवरून पटतं.

एका नोटिशीत अनेक पत्ते असू शकतात, प्रत्येकाचा गट रिकाम्या ओळीने वेगळा. पहिला वाचून थांबू नका.

मेल फॉरवर्ड झाली असेल तर ‘फायनल-रेसिपियंट’मधला, म्हणजे मेल शेवटी जिथे गेली तो, पत्ता तुमच्या यादीत सापडणारच नाही, आणि ‘ओरिजिनल-रेसिपियंट’ (तुम्ही मेल पाठवलेला मूळ पत्ता) नोटिशीत असेलच असं नाही. म्हणून मी प्रत्येक सभासदासाठी परतीचा पत्ता वेगळा ठेवतो. बाउन्स ज्या पत्त्यावर येईल, त्यावरूनच माणूस कळतो.

बाउन्सला ऑटो-रिप्लाय पाठवू नका. त्याचा परतीचा पत्ता मुद्दाम रिकामा असतो.

क्यूमेल नावाच्या प्रोग्रामवर चालणारे जुने मेल सर्व्हर हा साचा पाळत नाहीत. त्यांच्या नोटिसा मी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो आणि शनिवारी बसून डोळ्यांनी वाचतो.