नायलॉन ६ चा दाणा घेण्याआधी कॅप्रोलॅक्टमचा बाजार कसा बघायचा

क्रूड उतरलं की नायलॉनचा दाणाही उतरणार असं धरून थांबणारे खूप जण आहेत, आणि मग हातातला स्टॉक संपला की मिळेल त्या रेटने माल उचलावा लागतो. मोल्डिंगवाले असा, यार्नवाले असा की मासेमारीच्या जाळ्यांचं काम करणारे असा, तुमचा दाणा नायलॉन ६ असेल तर त्याचा भाव कॅप्रोलॅक्टम, म्हणजे तो ज्या रसायनापासून बनतो ते, ठरवतं, आणि क्रूड त्याच्यापासून बरंच लांब आहे.

आधी ग्रेड ६ आहे का ६६ ते नीट बघा. ६६ ची साखळी वेगळी, तिथे अ‍ॅडिपिक अ‍ॅसिड आणि हेक्सामिथिलीन डायअमाइन लागतं, त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं ६ साठीच आहे.

क्रूडमधून नाफ्था, नाफ्थातून बेंझीन, त्याला हायड्रोजन देऊन सायक्लोहेक्झेन, मग सायक्लोहेक्झेनोन, ऑक्झाइम आणि शेवटी कॅप्रोलॅक्टम, काही प्लांट फिनॉलपासूनही सुरुवात करतात. म्हणून क्रूडपेक्षा बेंझीन बघा. बेंझीनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्टायरीन आहे, नायलॉन नाही, त्यामुळे तिकडे मागणी वाढली की क्रूड शांत असतानाही बेंझीन चढतं आणि आपल्याला कळतच नाही दाणा का महागला.

आता मुख्य काम. एक्सेलमध्ये दर आठवड्याला एकाच वारी चार आकडे टाका: आशियातला बेंझीन, कॅप्रोलॅक्टम, नायलॉन ६ चिप्स (म्हणजेच दाणा), आणि कॅप्रोलॅक्टममधून बेंझीन वजा करून येणारा फरक. कागदावरच्या हिशेबाने एक टन कॅप्रोलॅक्टमला साधारण ०.७ टन बेंझीन लागतं, प्रत्यक्षात त्याहून जास्तच जातं, पण रोख कळायला साधी वजाबाकी पुरते. फरक आटत चालला असेल तर प्लांटवाल्यांना परवडत नाहीये, ते उत्पादन कमी करतात, नंतर ठरलेला शटडाऊन आत्ताच घेतात, अशा वेळी अजून पडेल म्हणून थांबण्यात अर्थ नसतो, माल घेऊन टाका. फरक फुगलेला दिसला तर गरजेपुरते छोटे लॉट घ्या, कारण बंद ठेवलेली कपॅसिटी परत सुरू होते आणि भाव टिकत नाही. माझ्या मते या एका कॉलमइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे खत. जुन्या पद्धतीत एक टन कॅप्रोलॅक्टममागे चार टनांच्या वर अमोनियम सल्फेट निघायचं, नव्या पद्धतींमध्ये ते बरंच कमी झालंय, पण कांद्याला आपण जे अमोनियम सल्फेट टाकतो ते जगभरात मोठ्या प्रमाणावर याच प्लांटमधून येतं. आपल्याकडे कॅप्रोलॅक्टम बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या, वडोदऱ्याची जीएसएफसी आणि कोचीची फॅक्ट, खतवाल्याच आहेत. त्यामुळे गंधक, अमोनिया महागले किंवा सल्फेटचा भाव पडला की त्याचा भार कॅप्रोलॅक्टमवर येतो. अमोनिया नैसर्गिक गॅसपासून बनतो, युरोपात २०२२ ला तो गॅस महागला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या बीएएसएफने लुडविगशाफेनचा कॅप्रोलॅक्टम प्लांट बंद करणार असं जाहीर केलं, सोबत तिथल्या दोनपैकी एक अमोनिया प्लांटही.

जगाची निम्म्याहून जास्त कपॅसिटी आता चीनमध्ये आहे, आणि नेदरलँड्समधल्या खेलेनची कॅप्रोलॅक्टम बनवणारी फायब्रंट कंपनीही २०१८ मध्ये चीनच्या हायसनने विकत घेतली. म्हणून चीनच्या सरकारी तेल कंपनीचा, सिनोपेकचा, कॅप्रोलॅक्टमचा दर महिन्याचा कॉन्ट्रॅक्ट रेट चुकवू नका. चिनी नववर्षाच्या सुट्टीत कॅप्रोलॅक्टम वापरणारे पुढचे कारखाने बंद असतात पण कॅप्रोलॅक्टमचे प्लांट चालूच राहतात, माल साचतो, सुट्टीनंतरचे ऑफर त्या नजरेने वाचा. प्लांटला आग लागल्याची बातमी आली तर ती हलक्यात घेऊ नका, सायक्लोहेक्झेन फार पेटणारं आहे, १ जून १९७४ ला इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या कॅप्रोलॅक्टम प्लांटमध्ये त्याचीच गळती होऊन स्फोट झाला, २८ माणसं गेली आणि प्लांट उद्ध्वस्त झाला.

डॉलरमधला ऑफर आणि न्हावा शेवाला उतरलेला माल यांचा रेट कधीच एक नसतो. ड्युटी, त्यावरचा सरचार्ज, पोर्टचा खर्च, कंटेनर अडकला तर डिटेन्शन (उशिराचं भाडं), एलसीचं (बँकेच्या हमीपत्राचं) व्याज, आणि पैसे भरायच्या दिवशीचा डॉलर, हे सगळं धरून किलोचा रेट काढा आणि मगच लोकल पार्टीच्या रेटशी लावून बघा.

शेवटी लॉट तपासा. चिप्सच्या सीओएवर (लॉटसोबत येणाऱ्या तपासणीच्या दाखल्यावर) रिलेटिव्ह व्हिस्कॉसिटी (साखळ्या किती लांब त्याचा अंदाज), ओलावा आणि एक्स्ट्रॅक्टेबल्स (धुऊन निघू शकणारा उरलेला माल) हे तीन आकडे बघा. नायलॉन ६ बनताना साधारण दहा टक्के माल परत कॅप्रोलॅक्टम आणि छोट्या साखळ्यांच्या रूपात राहतो, तो गरम पाण्याने धुऊन काढावा लागतो, स्वस्तातल्या मालात हे धुणं अर्धवट असतं. मग मशीनवर पांढरा धूर येतो, मोल्डच्या व्हेंटपाशी (हवा निघायच्या फटीपाशी) नाहीतर स्पिनरेटच्या (धागा काढायच्या भोकांच्या चकतीच्या) कडेला पांढरी पावडर जमते आणि दर शिफ्टला मशीन थांबवून पुसत बसावं लागतं. मोठ्या ऑर्डरआधी एक बॅग मागवा, फोडल्यावर लगेच ड्रायरमध्ये टाका कारण नायलॉन हवेतलं पाणी पटकन ओढतं, पूर्ण शिफ्ट चालवा आणि व्हेंट स्वतः बघा. सीओएवरचा लॉट नंबर बॅगवरच्या नंबरशी जुळत नसेल तर रेट कितीही चांगला असो, ऑर्डर देऊ नका.