माल्कम लॉरी वाचायला घ्याल तेव्हा

इंग्रज कादंबरीकार माल्कम लॉरीचं नाव निघालं की मागोमाग त्याच्या दारूचे किस्से निघतात. ते ऐकून सोडून द्या. चरित्रही लगेच उघडू नका. सुरुवात थेट १९४७ च्या 'अंडर द व्होल्कॅनो'पासून करा आणि वाचण्याआधी पेन्सिलीने बारा प्रकरणांच्या डोक्यावर नावं लिहून टाका. पहिलं लारुएलचं. दुसरं, नववं, अकरावं इव्हॉनची, म्हणजे कॉन्सलच्या बायकोची. तिसरं, पाचवं, सातवं, दहावं आणि बारावं कॉन्सलची, म्हणजे मेक्सिकोतल्या माजी ब्रिटिश वाणिज्यदूताची, कादंबरीच्या नायकाची. चौथं, सहावं, आठवं त्याच्या सावत्र भावाची, ह्यूची. प्रकरण कुणाच्या डोक्यातून चाललंय हे लॉरी सांगत बसत नाही. ते कळण्यातच नव्या वाचकाची दहा-बारा पानं जातात, आणि तेवढ्यात तो पुस्तक मिटतो.

मी साहित्याचा प्राध्यापक नाही. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर काढली, डेक कॅडेट म्हणून चढलो आणि चीफ ऑफिसर म्हणून उतरलो, आता डोंबिवलीत असतो. वाचन झालं ते वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपल्यावर बंकमध्ये पडून. त्यामुळे खाली जे सांगतो आहे त्याला थोडा खाऱ्या पाण्याचा वास येईल.

पहिलं प्रकरण जड जाणार हे गृहीत धरा. ते २ नोव्हेंबर १९३९ ला घडतं, आणि पुढची अकरा प्रकरणं त्याच्या बरोबर एक वर्ष आधीच्या एकाच दिवसात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मेक्सिकोत तो मृतांचा दिवस. माणसं फुलं घेऊन कबरस्तानात जातात. लारुएल नावाचा फ्रेंच माणूस गावातून चालतो आहे आणि मेलेल्या मित्रांची आठवण काढतो आहे, पण ते मित्र आपल्याला अजून भेटलेलेच नाहीत. म्हणून हे प्रकरण भराभर वाचा. संदर्भ शोधू नका. कोण कुणाचा कोण हे धूसर राहिलं तरी दुसरं प्रकरण सुरू करा. तिथे इव्हॉन पहाटे गावात उतरते आणि गोष्ट चालू लागते. बारावं संपलं की लगेच, त्याच बैठकीत जमलं तर उत्तमच, पहिलं पुन्हा वाचा. लॉरीने प्रकाशकाला लिहिलं होतं की या पुस्तकाचा आकार चाकासारखा आहे. मला वाटतं ती फुशारकी नव्हती. दुसऱ्या फेरीत त्या प्रकरणातलं प्रत्येक वाक्य बोलू लागतं.

एक गंमत. कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात गावाचं अक्षांश दिलेलं आहे, एकोणीस उत्तर, आणि त्याच अक्षांशावर पूर्वेला फार दूर बंगालच्या उपसागराकाठी जगन्नाथाचं गाव आहे असंही म्हटलंय. नकाशावरची रेघ तशीच पश्चिमेला ओढली की मुंबई लागते. गावाचं नाव पुस्तकात क्वाउनावाक, म्हणजे खरं कुएर्नावाका. अठरा चर्च आणि सत्तावन्न दारूचे गुत्ते, असा हिशोबही तो तिथेच देऊन टाकतो.

आता वही. एका पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात कादंबरीतली गोष्ट, दुसऱ्यात लॉरीच्या आयुष्यातली, तिसऱ्यात काय बदललं. लोक पहिले दोन भरतात आणि "हे तर सगळं त्याचंच" म्हणून थांबतात. कादंबरीकार दिसतो तिसऱ्यात. दुसरा रकाना भरायला आता चरित्र उघडायला हरकत नाही. डग्लस डेचं १९७३ चं आहे, गॉर्डन बोकरचं १९९३ चं. पहिल्या बायकोची, जॅन गॅब्रियलची बाजू तिच्या आठवणींच्या पुस्तकात आहे. ते २००० साली आलं. तिन्ही वाचणं जमणार नसेल तर बोकर आणि जॅन घ्या. घटस्फोट झालेल्या जोडप्याची एकच बाजू ऐकून मत करू नये, हे कुणी सांगायला नको.

माझ्या वहीतला सगळ्यात भरलेला भाग समुद्राचा आहे, साहजिकच. लॉरी जन्मला २८ जुलै १९०९ ला, लिव्हरपूलच्या पलीकडच्या न्यू ब्रायटनला. वडील कापसाचे दलाल, सधन, धार्मिक मेथडिस्ट, दारूला शिवायचे नाहीत. मे १९२७ मध्ये, अठरा पुरी व्हायच्या आत, पोरगा 'पिऱ्हस' नावाच्या बोटीवर पूर्वेकडे जायला खलाशी म्हणून चढला, आणि गोदीपर्यंत आला तो वडिलांच्या आलिशान मोटारीतून. वर्तमानपत्रात बातमीही आली. हे वाचून मी मोठ्याने हसलो होतो. ज्याने डेकवर काम केलंय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. अशा पोराला बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, पहिल्या दिवसापासून गंज खरवडायला बसवतो. हातात चिपिंग हॅमर, वर ऊन, खाली तापलेलं लोखंड, आणि जेवणाच्या टेबलावर कुणी जागा देत नाही. वाईट वागवतात असंही नाही. तो नसल्यासारखंच वागतात.

'अल्ट्रामरीन' ही १९३३ ची पहिली कादंबरी याच जखमेवर उभी आहे. डेना हिलियट नावाचा सुखवस्तू पोरगा आणि त्याची खिल्ली उडवणारा आचारी अँडी. लॉरीचं त्या वेळचं लेखन उसन्या चालीचं आहे. कॉनरॅड एकन या अमेरिकन लेखकाला त्याने गुरू केलं होतं आणि नॉर्वेच्या नूरडाल ग्रीगच्या समुद्रकथेने तो झपाटला होता. दोघांचे आवाज पानोपानी ऐकू येतात. तरी खलाशांच्या गप्पांची पानं वाचाच. बोटीवर एकाच वेळी चार जण बोलत असतात आणि कुणी कुणाचं ऐकत नसतं, ते त्याने कानाने पकडलंय. मग लगेच 'व्होल्कॅनो'चं सहावं प्रकरण पुन्हा उघडा. तिथे तोच प्रवास ह्यूच्या नावावर आहे. तीच वर्तमानपत्री प्रसिद्धी, तीच खलाशांची नाराजी, पण आता लिहिणारा त्या पोराकडे बघून हसतो आहे. लॉरी युकुलेली वाजवायचा, ह्यूच्या हातात गिटार दिली. ह्यूच्या बोटीचं नाव 'फिलॉक्टेटीस'. लॉरीची बोट ब्लू फनेल लाइनची होती, आणि त्या कंपनीच्या बोटींना ग्रीक महाकाव्यांतली नावं असायची हे गोदीत सगळ्यांना ठाऊक. फिलॉक्टेटीस म्हणजे न भरणाऱ्या जखमेचा योद्धा. कंपनीच्या रिवाजातच बसणारं नाव घेऊन त्याने आपलं दुखणं त्यात घातलं.

म्हणजे ह्यू हा तरुण लॉरी, आणि कॉन्सल जेफ्री फर्मिन हा पिऊन संपत चाललेला लॉरी. एका माणसाचे दोन करून त्यांना सावत्र भाऊ केलं आणि एकाच बाईवरून समोरासमोर उभं केलं. तिसऱ्या रकान्यात पहिली नोंद ही करा.

दुसरी नोंद बापाची. लॉरीचा बाप १९४५ पर्यंत जिवंत होता, दर महिन्याला वकिलांमार्फत पैसे पाठवत होता आणि त्या पैशांवर हा जगत होता. कादंबरीत काय केलं? जेफ्रीचं बालपण हिंदुस्थानात टाकलं. आई काश्मीरमध्ये वारली, आणि बाप एके दिवशी हिमालयात चालत गेला तो परतलाच नाही. पोर श्रीनगरला मागे राहिलं. पैसे धाडणाऱ्या, पत्रांतून कान उपटणाऱ्या बापाचा असा बर्फात लोप करून टाकला! त्या हिंदुस्थानचा थोडा अंश कॉन्सलच्या पुस्तकांच्या फळीवर उरलाय. तिथे महाभारत, उपनिषदं आणि ऋग्वेद आहेत, आणि त्यांच्याच रांगेत पीटर रॅबिट. आपल्याकडचे काही वाचक ती फळी बघून खूश होतात आणि कादंबरीत वेदान्त शोधू लागतात. एवढं वाहवू नका. त्या यादीतला विनोद आधी बघा.

तिसरी नोंद इव्हॉनची, आणि इथे सावकाश जा. लॉरी आणि जॅन १९३६ च्या ऑक्टोबरअखेर मेक्सिकोत उतरले. एका बसप्रवासात रस्त्याच्या कडेला मरायला टेकलेला एक आदिवासी दिसला आणि बसमधल्याच एका उतारूने त्याचे पैसे लांबवले. त्यावर लॉरीने एक कथा लिहिली. पुढे तीच कादंबरीचं आठवं प्रकरण झाली. त्या कथेत इव्हॉन ही कॉन्सलची मुलगी आहे, बायको नव्हे. डिसेंबर १९३७ मध्ये जॅन सोडून गेली, ती त्याच्याकडे परतली नाही. नंतरच्या मसुद्यांत केव्हातरी मुलगी बायको झाली आणि कादंबरीच्या दिवशी पहाटे नवऱ्याकडे परत आली. प्रत्यक्षात जे झालं नाही ते त्याने पुस्तकात घडवून आणलं, आणि मग संध्याकाळपर्यंत दोघांनाही मारलं. चरित्रातून कादंबरी 'समजते' म्हणणाऱ्यांना मी एवढं एकच उदाहरण देतो. आयुष्यातला प्रसंग तुम्हाला मिळेल. तो उलटा का केला हे पुस्तकातच शोधावं लागेल.

जागाही हलवल्या आहेत. जॅन गेल्यावर लॉरी मेक्सिकोतल्याच ओआहाका शहरात गेला, तिथे मेस्काल नावाची दारू पीत राहिला, तुरुंगातही गेला. 'फारोलितो' हा गुत्ता खरा तिथला. कादंबरीत तो ज्वालामुखीच्या पायथ्याशी आणून ठेवलाय. ओआहाकातच लॉरीला हुआन फर्नांडो मार्केझ नावाचा, झापोतेक या तिथल्या आदिवासी जमातीतला मित्र मिळाला. तो शेतीच्या बँकेसाठी काम करायचा, लॉरीला सांभाळून घ्यायचा. कादंबरीत त्याचेही दोन तुकडे झाले, एक ह्यूचा मित्र हुआन सेरिओ आणि दुसरा डॉक्टर विहिल.

आणि एक नोंद अशी की दुसरा रकाना रिकामाच राहील. 'समॅरिटन' या बोटीवर जर्मन अधिकाऱ्यांना भट्टीत जाळल्याचा कॉन्सलवरचा आरोप. असं काही लॉरीच्या वाट्याला आलं नव्हतं. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. हे निव्वळ रचलेलं आहे. मी बॉयलर असलेल्या जुन्या बोटी पाहिल्या आहेत आणि तो परिच्छेद मला अजून वाचवत नाही.

दारूबद्दल. कॉन्सल किती प्याला हे मोजत बसू नका, तो बाटली कुठे लपवतो ते बघा. पाचव्या प्रकरणात बागेतल्या झुडपात टकिला सापडते आणि शेजारी कुंपणापलीकडून बघत असतो. बोटीवर आमच्याबरोबर एक रेडिओ ऑफिसर होता, भयंकर हुशार, लाइफबोटीच्या ताडपत्रीखाली बाटली ठेवणारा. त्याचं बोलणं कॉन्सलसारखंच होतं, नम्र, विनोदी, आणि तुम्ही काय विचारलंत ते तुम्हीच विसरून जाल असं. लॉरीचं कौतुक मला इथे वाटतं. पिणाऱ्याची स्वतःशी चाललेली वकिली तो आतून लिहितो आणि तिला जिंकूही देत नाही. पण पिऊन लिहिलं म्हणून असं उतरलं, हे म्हणणं खोटं आहे. १९४० चा मसुदा डझनभर प्रकाशकांनी परत पाठवला. त्यानंतर व्हँकूवरजवळ डॉलरटनला खाडीकाठच्या झोपडीत, दुसरी बायको मार्जरी बॉनरला सोबत घेऊन, त्याने तो वाक्यावाक्याने पुन्हा लिहिला. कॅनडातली ती वर्षं त्यातल्या त्यात बेताच्या पिण्याची होती. जून १९४४ मध्ये झोपडी जळाली तेव्हा हे हस्तलिखित वाचलं, आणि त्या वर्षाच्या नाताळच्या सुमारास पूर्ण झालं.

कादंबरी दोनदा वाचून झाली की लॉरीने प्रकाशक जोनाथन केपला लिहिलेलं पत्र शोधा, २ जानेवारी १९४६ चं. प्रकाशकाच्या वाचकाने काटछाट सुचवली होती. लॉरीने प्रकरणवार उत्तर दिलं. पत्रसंग्रहात ते आहे. लेखकाने स्वतःच्या पुस्तकाबद्दल इतकं नेमकं क्वचितच लिहिलेलं असेल. हे पत्र त्याने कुएर्नावाकाला लिहिलं, आणि उतरला होता नेमका त्याच घरात जे कादंबरीत त्याने लारुएलला दिलं होतं. पत्राआधी अ‍ॅकर्ली आणि क्लिपर यांचा संदर्भकोश उघडू नका. तो उत्तम आहे, पण प्रत्येक ओळीला टीप असली की गोष्ट हातची जाते. जॉन ह्यूस्टनचा १९८४ चा चित्रपट अल्बर्ट फिनीसाठी बघा. त्यात लारुएल नाहीच, म्हणजे चाकही नाही.

बाकीची पुस्तकं लॉरी गेल्यावर आली, हे ध्यानात ठेवूनच घ्या. जून १९५७ च्या अखेरीस इंग्लंडात ससेक्समधल्या राइप गावात तो वारला. दारू आणि झोपेच्या गोळ्या. चौकशीत अपघाती मृत्यू अशी नोंद झाली. मागे राहिलेले मसुदे मार्जरीने इतरांच्या मदतीने जुळवले, तेव्हा त्यातलं विस्कळीतपण सगळं त्याच्या माथी मारू नका. 'लूनर कॉस्टिक' आधी वाचा. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या मुक्कामावरची, आटोपशीर आणि जबरदस्त. 'डार्क अ‍ॅज द ग्रेव्ह व्हेअरइन माय फ्रेंड इज लेड' मध्ये एक कादंबरीकार जुन्या मित्राला भेटायला मेक्सिकोत परततो आणि मित्र कधीच मारला गेल्याचं कळतं. १९४६ मध्ये मार्केझबाबत लॉरीला हेच कळलं होतं. इथे तिसरा रकाना जवळजवळ कोरा राहतो, आणि पुस्तक ढिलं पडतं ते त्यामुळेच. 'द फॉरेस्ट पाथ टू द स्प्रिंग' ही झोपडीच्या दिवसांची दीर्घकथा मला त्याच्या सगळ्या लेखनात दुसऱ्या क्रमांकाची वाटते. 'हिअर अस ओ लॉर्ड' या १९६१ च्या संग्रहात ती आहे. 'ऑक्टोबर फेरी टू गॅब्रिओला' मी पानं उलटत संपवली. तरी केंब्रिजमधल्या एका मित्राच्या १९२९ च्या आत्महत्येचा सल त्यात जाहिरातीचा फलक होऊन वाटेवर पुन्हा पुन्हा समोर येतो, तेवढ्यासाठी चाळायला हरकत नाही.

तोच सल 'इन बॅलस्ट टू द व्हाइट सी'मध्येही आहे, तिथे मित्राचा भाऊ केलाय. ही कादंबरी झोपडीच्या आगीत गेली असं सगळे धरून होते. एका आधीच्या मसुद्याची कार्बन प्रत जॅनच्या आईकडे राहिली होती, ती २०१४ मध्ये ओटावा विद्यापीठाने छापली. जाडजूड आहे, टिपांनी भरलेली आहे. टिपा पहिल्या वाचनात वगळा, आणि 'अल्ट्रामरीन' आवडली नसेल तर हिच्यावर पैसे घालू नका.