इंग्रजी सर्वनामे लिहिताना मराठीची सवय कोठे आड येते

रजेच्या एका अर्जातील वाक्ये अशी होती: 'माय फादर वॉज इल. आय टुक देम टु द हॉस्पिटल.' अर्ज लिहिणाऱ्याला व्याकरण येत नव्हते असे नाही. वडिलांचा एकेरी उल्लेख करायला त्याचा हात धजावला नाही, एवढेच. वाचणाऱ्याला मात्र वडिलांबरोबर आणखी कोणाला रुग्णालयात नेले, असा प्रश्न पडतो. इंग्रजीत 'ही' आणि 'शी' यांना आदरार्थी बहुवचन नाही, म्हणून सर्वनाम निवडताना मान बाजूला ठेवून फक्त माणसे मोजावीत: व्यक्ती एक असेल, तर ती आजोबा असोत वा राष्ट्रपती, 'ही' व 'हिम' किंवा 'शी' व 'हर' हीच रूपे येतात. 'यू'चे मात्र उलट झाले. ते मुळात अनेकवचनी होते, पुढे एकट्या व्यक्तीला मान देण्यासाठीही वापरले जाऊ लागले, आणि एकेरी 'दाऊ' प्रमाण भाषेतून मागे पडल्यामुळे आज 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तिघांचे काम एकटे 'यू' करते.

निर्जीव वस्तूंना लिंग देण्याची सवयही सोडावी लागते. बस 'ती' आणि ट्रक 'तो' असला, तरी इंग्रजीत दोन्ही 'इट'च.

सर्वांत जास्त गोंधळ कर्ता आणि कर्म यांच्या रूपांत होतो, आणि त्यात भर म्हणजे इंग्रजीतील 'मी' या उच्चाराचा अर्थ आपल्याकडे 'मला' असा होतो. तरीही प्रत्येक 'मला'साठी ते रूप चालत नाही: 'मला भूक लागली' किंवा 'मला हे गाव आवडते' या वाक्यांत इंग्रजी माणूस 'आय'पासूनच सुरुवात करतो. दोन व्यक्तींचा उल्लेख असेल, तेव्हा दुसरी व्यक्ती क्षणभर वगळून वाक्य म्हणून पाहावे. 'शी कॉल्ड आय' कानाला खटकते, म्हणून 'शी कॉल्ड माय ब्रदर अँड मी' हेच बरोबर. 'बिटवीन'सारख्या शब्दयोगी अव्ययांनंतरही 'यू अँड मी' असेच लिहावे. मुलाखतीत ऐकू येणारे 'मायसेल्फ सुनीता' मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही. 'मायसेल्फ' हे आत्मवाचक रूप आहे आणि 'आय कट मायसेल्फ'सारख्या वाक्यात, म्हणजे कर्ता व कर्म एकच असताना, ते शोभते. ओळख करून देताना 'आय ॲम सुनीता' पुरेसे आहे.

'माझा एक मित्र' याचे 'माय वन फ्रेंड' करू नये. त्याऐवजी 'अ फ्रेंड ऑफ माइन' किंवा 'वन ऑफ माय फ्रेंड्स' म्हणावे, आणि दुसऱ्या रचनेत 'फ्रेंड्स' अनेकवचनीच ठेवावे. 'द बुक विच आय बॉट इट' या वाक्यातील 'इट' हे फाजील आहे, कारण पुस्तकाची जागा 'विच'ने आधीच घेतलेली असते. उलट, जेथे मराठीला कर्त्याची गरज भासत नाही तेथे इंग्रजीला ती असते: आपण नुसते 'उशीर झाला' म्हणतो, पण इंग्रजीत 'इट इज लेट' असे 'इट' पुढे ठेवावेच लागते.

एका बाबतीत मात्र मराठी अधिक नेमकी आहे. 'राजूने भावाला आपला डबा दिला' आणि 'राजूने भावाला त्याचा डबा दिला' या दोन वाक्यांत डबा कोणाचा, हे 'आपला' या एका शब्दाने स्पष्ट होते. इंग्रजीत दोन्हींसाठी 'राजू गेव्ह हिज ब्रदर हिज टिफिन' असेच वाक्य तयार होते आणि डब्याचा मालक कळत नाही. अशा वेळी राजूचा डबा असेल तर 'हिज ओन टिफिन' लिहावे, भावाचा असेल तर 'द ब्रदर्स टिफिन' असे नामच पुन्हा वापरावे. पुनरुक्ती थोडी बोजड वाटली, तरी ती संदिग्धतेपेक्षा बरी.

राहिला प्रश्न एकट्या व्यक्तीसाठी 'दे' वापरण्याचा. 'एव्हरीवन' किंवा 'समवन'नंतर व्यक्ती पुरुष की स्त्री हे ठाऊक नसते, तेव्हा 'समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला' असे म्हणण्याची रीत इंग्रजीत शतकानुशतके चालत आली आहे. 2019 मध्ये मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने 'दे' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला, आणि ज्यांना स्वतःसाठी 'ही' वा 'शी' नको असते त्यांच्यासाठीही तो आता रूढ होत आहे. क्रियापद मात्र 'दे आर' असेच राहते. अर्जातील त्या वडिलांना ही सवलत लागू होत नाही; ते कोण हे ठाऊक आहे, म्हणून तेथे 'हिम'च हवे.