‘बायबल खरं ठरलं!’ असा फोटो आला की आधी काय बघायचं

मी संडे स्कूलमध्ये शिकवते. तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या, म्हणजे मोशेचा पाठलाग करणाऱ्या मिसरच्या राजाच्या, रथाचं चाक सापडलं, असा फोटो एकदा मी मोठ्या उत्साहाने वर्गात दाखवला. मागून प्रश्न आला, “टीचर, ते चाक आता कुठे ठेवलंय?” घरी येऊन खूप शोधलं. ते चाक ठेवलेलं एकही संग्रहालय मिळालं नाही. तेव्हापासून फोटो चाळून घेतल्याशिवाय वर्गात नेत नाही.

पहिलं म्हणजे, वस्तू मातीतून कुणी काढली ते शोधा. १९९३ साली उत्तर इस्राएलमधल्या तेल दान इथे पुरातत्त्वज्ञ अव्राहाम बिरान यांचं उत्खनन चालू असताना जुन्या भिंतीत बसवलेला एक कोरीव दगड मिळाला. इ.स.पू. नवव्या शतकातला अरामी लेख, आणि त्यात ‘दावीदाचं घराणं’, म्हणजे बायबलमधल्या दावीद राजाचं घराणं. तो कुठे मिळाला याची नोंद आहे, त्यामुळे वाद घालणाऱ्यालाही धरायला काहीतरी आहे. उलट २००२ मध्ये गाजलेली अस्थिपेटी घ्या. ‘योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ याकोब’ असं तिच्यावर कोरलंय, पण ती आली एका संग्राहकाकडून. त्या संग्राहकावर बनावटगिरीचा खटला चालला, २०१२ मध्ये तो त्या आरोपातून सुटला. आरोपी सुटला म्हणजे लेख अस्सल ठरला, असं मात्र न्यायालयाने म्हटलेलं नाही. बातम्यांत नेमकं हेच गळतं.

मग मूळ मजकुराचं भाषांतर मिळवा आणि बायबलमधला उतारा शेजारी उघडून ठेवा. माझं आवडतं उदाहरण इ.स.पू. ७०१ चं. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून आला; तिथला राजा हिज्कीया, राजधानी यरुशलेम. त्याच्या मातीच्या लेखस्तंभावर तो फुशारकी मारतो: हिज्कीयाची ४६ तटबंदीची नगरं घेतली, त्याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. यरुशलेम घेतलं असं मात्र कुठेच म्हणत नाही! आता बायबलच्या ‘२ राजे’ या पुस्तकातलं १८:१४ काढा. हिज्कीयाला द्यावी लागलेली खंडणी ३०० किक्कार रुपं आणि ३० किक्कार सोनं (किक्कार हे तेव्हाचं वजनाचं माप). सन्हेरीबही सोनं ३०च सांगतो, रुपं मात्र ८००. सोन्यावर एकमत, रुप्यावर नाही. मी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिते आणि ५०० चा फरक पुसत नाही.

त्याच स्वारीत वेढा पडलेल्या लाखीश या यहूदाच्या नगराचंही तसंच. २ राजे मध्ये ते नाव ओझरतं येतं, पण अश्शूरची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यात सन्हेरीबाने एक अख्खी खोली त्या वेढ्याच्या शिल्पांनी भरली. ती शिल्पं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि तटावर चढायला अश्शूरी सैन्याने घातलेला उतार लाखीशच्या टेकडीवर सापडलाय. कोण काय मोठं करून सांगतं, ते इथे उघड दिसतं.

शेवटी, न जुळणारंही वाचा. बायबल सांगतं की यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली आले तेव्हा यरीहोचा तट कोसळला. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ मध्ये ते यरीहो खणलं. त्यांच्या मते तटबंदीचं नगर इ.स.पू. १५५० च्या सुमारास पडलं, म्हणजे यहोशवाचा काळ साधारण जिथे धरतात त्याच्या बरंच आधी. पूर्वी मी हा धडा गुंडाळायचे. आता सांगते. मुलं शांतपणे ऐकतात. पालकांचे फोन येतात.