उड्डाणाच्या डेटातून विमानाची स्थिरता काढताय? या चुका टाळा

संभाजीनगर असो, नांदेड असो की लातूर, शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तपासताना तीच गल्लत दिसते: चाचणीचं उड्डाण ऑटोपायलट चालू ठेवून केलेलं. मॉडेल विमान पडेल ही भीती मला समजते. पण मग हाती लागतात ते आकडे विमानाचे राहत नाहीत.

गंगापूरकडच्या एका सोयाबीन काढलेल्या रानात काही पोरांनी असंच उड्डाण केलं. आलेख देखणे, मोजलेली रेघ आणि गणिताची रेघ एकमेकींवर चपखल बसलेली. उत्तर काय, तर एलेव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी हलती फळी) खाली गेला की नाक वर जातं! व्हायला हवं नेमकं उलटं. "सर, अल्गोरिदम बदलू का?" अरे, अल्गोरिदमनं काय घोडं मारलंय? स्टॅबिलाइज मोडमध्ये, म्हणजे ऑटोपायलट स्वतः विमान सावरत असताना, नाक उचलायला लागलं की ऑटोपायलट लगेच एलेव्हेटर हलवून ते दाबतो. एलेव्हेटर आणि पिच रेट (नाक वर-खाली फिरण्याचा वेग) सतत जोडीनं फिरतात. एकाच जूला जुंपलेल्या बैलांपैकी कोणी किती ओढलं, हे चाकोरी बघून सांगता येतं का? गणित एकाचा वाटा दुसऱ्याच्या नावावर टाकतं, कधी चिन्हासकट. रेघ जुळली म्हणजे उत्तर बरोबर, हा समज आधी डोक्यातून काढा.

मी उंची घेतो, ट्रिम करतो (हात न लावता विमान सरळ उडेल असं), मॅन्युअलवर येतो, ३-२-१-१ इनपुट (त्या प्रमाणात लांबीचे, आलटून-पालटून वर-खाली झटके) देतो आणि स्टिकला हात न लावता थांबतो. नवख्यांना हे थांबणंच जमत नाही. लगेच विमान सावरायला जातात. डॅम्पिंग, म्हणजे डोलणं किती लवकर विझतं, ते दिसतं त्या थांबण्यातच. मॅन्युअलचं धाडस होत नसेल तर इनपुट कंट्रोलरच्या (ऑटोपायलटच्या) पुढे, थेट सर्वोच्या (एलेव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) आदेशात मिसळा. जोडी तुटत नाही, पण सैल होते.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे सर्वोला दिलेला आदेश हाच एलेव्हेटरचा कोन मानणं. सर्वोला वेळ लागतो. शॉर्ट पीरियड (नाकाचं झटपट वर-खाली डोलणं) २ हर्ट्झचा असेल तर १०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ७२ अंशांचा फेज फरक (लाट तेवढी मागे पडते), आणि त्याचा पहिला फटका डॅम्पिंगला. बिजागरीवर कोन मोजणारा छोटा पोटेन्शिओमीटर लावा. वजन वाढेल म्हणून कुरकुर करू नका.

बाकीचं थोडक्यात. एप्रिलच्या दुपारी उडवू नका. आउटपुट-एरर पद्धत (मोजलेली आणि गणिताची रेघ जुळवणारी) हवा शांत आहे असं धरून चालते, आपल्याकडच्या वावटळी नाही. अल्फा व्हेन (विमानाचा हवेच्या प्रवाहाशी कोन, म्हणजे अल्फा, मोजणारं पातं) नाकावर असेल तर पिच रेटमुळे येणारा कोन चिन्ह सांभाळून काढून टाका. अंश की रेडियन, ते दोनदा बघा. घोळ झाला तर ५७.३ पटींचा फरक पडतो. गुरुत्वमध्य त्या दिवशीच्या बॅटरीसकट मोजा. पिच रेटचं आणि अल्फा-डॉटचं (अल्फा बदलण्याच्या वेगाचं) डॅम्पिंग वेगळं काढायचा हट्ट नको, साध्या उड्डाणातून त्यांची बेरीजच नीट मिळते. क्रामर-राव मर्यादा (गणितानं दिलेली किमान अनिश्चितता) इवलीशी आली म्हणून हुरळून जाऊ नका. अवशेष (दोन रेघांमधला उरलेला फरक) रंगीत, म्हणजे एकमेकांशी जोडलेले, असतील तर खरी अनिश्चितता तिच्या पाच-दहा पटही निघते.

आणि गणिती मॉडेल ज्या रेकॉर्डवर बसवलं, त्याच रेकॉर्डवर तपासून माझ्याकडे आणू नका. दुसरं उड्डाण आणा, मग बोलू.