नकार, नाखुशी आणि कंटाळा: इंग्रजीतल्या या चुका टाळा

'ही डिनाइड टू कम' हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की ऐकणाऱ्यालाही खटकत नाही. पण ते चूक आहे. मराठीत आपण आरोपही नाकारतो आणि यायलाही नकार देतो. इंग्रजीत आरोप नाकारला तर डिनाय आणि एखादं काम करायला नकार दिला तर रिफ्यूज. म्हणून 'ही रिफ्यूज्ड टू कम'. 'ही डिनाइड टेकिंग द मनी' म्हणजे 'मी पैसे घेतलेच नाहीत' असं तो म्हणाला. परवानगी मात्र डिनायही होते आणि रिफ्यूजही.

रिलक्टंट आणि अनविलिंग यांत गोंधळ झाला, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: काम शेवटी होण्याची आशा आहे का? 'शी वॉज रिलक्टंट टू साइन' म्हटलं की कुरकुरत का होईना, तिनं सही केली असण्याची शक्यता उरते. रिलक्टंट ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थच विरोधात झुंजणं. 'अनविलिंग टू साइन' वाचणारा मात्र सही झाली नाही असंच धरून चालतो. ऑफिसच्या मेलमध्ये हा फरक महागात पडू शकतो. 'क्लायंट इज रिलक्टंट टू पे' वाचून साहेब आणखी एक फोन करतील, 'अनविलिंग' वाचून वकिलाला करतील.

हेझिटंट या दोघांच्या अलीकडचा. तिथे मनच ठरलेलं नसतं. पण शास्त्रीय संज्ञा झाली की शब्द ऐसपैस होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली आरोग्यापुढच्या दहा मोठ्या धोक्यांत 'व्हॅक्सिन हेझिटन्सी' घातली, तेव्हा तिच्या व्याख्येत लस उपलब्ध असूनही ती घ्यायची नाखुशी आणि थेट नकार, दोन्ही धरले होते. रोजच्या बोलण्यात एवढी सूट घेऊ नका. आणि 'रिलक्टंट फॉर गोइंग' नको. तिन्ही शब्दांपुढे टू आणि साधं क्रियापद: 'रिलक्टंट टू गो'.

आता सगळ्यात दुर्लक्षित जागा. 'पोरगं काही केल्या जेवेना', 'गाडी सुरूच होईना'. या 'ना'मध्ये केवढा हट्ट आहे! इंग्रजीत लिहिताना आपण तो सांडून टाकतो आणि 'द चाइल्ड वॉज नॉट ईटिंग' असं लिहितो. त्याचा अर्थ एवढाच की त्या वेळी मूल जेवत नव्हतं. हट्ट हवा असेल तर वुडन्ट: 'द चाइल्ड वुडन्ट ईट', 'द कार वुडन्ट स्टार्ट'. आत्ताचं असेल तर वोन्ट. याचीच दुसरी बाजू म्हणजे लग्नाच्या आमंत्रणाला पाठवलेलं 'आय वोन्ट कम' हे उत्तर. मनात 'जमणार नाही' असतं, समोर पोचतं 'मी नाही येणार ज्जा!' तिथे 'आय वोन्ट बी एबल टू कम' लिहा.

कंटाळ्याचंही तसंच. 'पिक्चरचा कंटाळा आला' हा बोअर्ड. पण 'आंघोळीचा कंटाळा आलाय' यात कुणी बोअर झालेलं नसतं, फक्त उठणं जिवावर आलेलं असतं. त्यामुळे 'आय ॲम बोअर्ड टू टेक अ बाथ' नको. साधं 'आय डोन्ट फील लाइक टेकिंग अ बाथ' म्हणा. घरच्या माणसांत ब्रिटिश लोक 'आय कान्ट बी बॉदर्ड' म्हणतात. साहेबांना म्हणू नका. 'आय ॲम नॉट इंटरेस्टेड' हे तर फोनवर कर्ज विकणाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं बरं, कारण मैत्रिणीनं फिरायला बोलावल्यावर ते फार तुसडं वाटतं.

उरलेल्या जोड्या पटापट. ॲव्हर्स म्हणजे नावड असलेला माणूस, ॲडव्हर्स म्हणजे प्रतिकूल परिस्थिती. म्हणून गुंतवणूकदार 'रिस्क-ॲव्हर्स', हवामान ॲडव्हर्स. लोथ हे विशेषण, 'अगदी नाखूश' या अर्थाचं: 'लोथ टू लीव्ह'. शेवटी ई लागला की ते क्रियापद होतं, उच्चार लोदकडे झुकतो आणि अर्थ थेट तिरस्कारावर जातो. रेटिसंट म्हणजे मितभाषी, मनातलं न सांगणारा. अलीकडे काही कोश त्याला रिलक्टंटचा अर्थही देतात, पण जुन्या वळणाचे संपादक अजून लाल पेन उचलतात. मी त्यांच्याच बाजूचा.

आणि 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' या प्रश्नाला 'येस' म्हणत खिडकी उघडायला उठणं. प्रश्न 'तुमची हरकत आहे का' असा असल्यामुळे नुसतं 'येस' म्हणजे हो, हरकत आहे. 'नॉट ॲट ऑल' म्हणा. इंग्रज स्वतः कित्येकदा 'शुअर' म्हणून मोकळे होतात, तेही चालतं.